वृद्धांनी चालावे कोठे?

पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे चालण्यासारखी हालचाल करावी आणि तीन दिवस तोल व ताकद राखणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. सल्ला रास्त आहे. चालत्या माणसाचे पडणे कमी होते, रक्तदाबही आटोक्यात राहतो. प्रश्न एवढाच की, गिरणगावातील वृद्धाने चालावे कोठे?

१९८२ च्या संपात उतरलेले तरुण आज सत्तरीच्या घरात आहेत. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीपैकी सुमारे एक-तृतीयांश मोकळ्या जागेसाठी राखली होती. २००१ साली शासनाने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरवली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. मैदानांच्या जागी मनोरे आले. ज्यांचे तारुण्य साच्यांपुढे उभे राहण्यात गेले, त्यांना आळस झटकण्याचा उपदेश करणे हा निव्वळ शहाजोगपणा होय. (त्यांच्या बायकांना तर घरकामातून निवृत्तीच नाही.)

म्हणून कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांतून सपाट, मोकळे पदपथ आणि दर थोड्या अंतरावर बसायला बाक यांसाठी महापालिकेकडे धरणे धरावे. आणि तोवर रोज सकाळी चाळीतल्या चार वृद्धांना हाक मारून सोबत चालायला न्यावे. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.