निष्काळजी कोण?

यवतमाळ जिल्ह्यातील प्रेसिंगमध्ये रुईची एक गाठ १७० किलोची बांधली जाते. अशा चार गाठी पॅलेट ट्रॉलीवर ठेवल्या की ६८० किलो झाले. हा बोजा आता हातपंपाचे तेल उचलते, माणूस नव्हे, असे मालकवर्ग अभिमानाने सांगतो. खरे आहे, पण या ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो, तेव्हा तिला थोपवावे लागते माणसालाच. अपघात झाला की शेरा ठरलेला: हमाल निष्काळजी!

काटे पॅलेटखाली पूर्ण घालावेत, भार जमिनीलगत ठेवावा, सपाटीवर ट्रॉली ओढण्याऐवजी ढकलावी, हे हमालाने पाळलेच पाहिजे. परंतु सील झिजून तेल गळते, काटे भाराखाली आपोआप बसतात, आसाला रुईचे वेढे पडतात, फरशी उखडलेली असते. हा निष्काळजीपणा कोणाचा? जेथे मजुरी गाठींवर मोजतात, तेथे सकाळच्या तपासणीची दहा मिनिटे हमालाच्याच पोटातून कापली जातात. मग तपासणी कोण करील?

हमालाच्या कामाच्या शर्ती मालकाच्या मर्जीवर राहू नयेत, यासाठीच १९६९ चा माथाडी कायदा झाला. तपासणीचा वेळ मजुरीत धरा आणि नादुरुस्त ट्रॉली बाजूला काढण्याचा अधिकार हमालाला द्या, ही मागणी त्या कायद्याला धरूनच आहे.