वैराग्य आणि वर्ल्ड कप

भिक्खूच्या हाती भिक्षापात्र शोभतं, कॅमेरा नव्हे, असं वाटणाऱ्यांनी खेंत्से नोर्बू यांचे चित्रपट पाहावेत. भूतानच्या या लामांनी दिग्दर्शक बर्तोलुचीच्या ‘लिटल बुद्धा’ या चित्रपटाचे सल्लागार म्हणून काम करताना सिनेमाचं तंत्र जवळून पाहिलं. १९९९च्या त्यांच्या ‘द कप’मध्ये निर्वासित तिबेटी मठातली पोरं फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना पाहण्यासाठी वर्गणी काढून टीव्ही भाड्याने आणतात. चित्रीकरण हिमाचलातल्या बीरच्या मठात झालं आणि भूमिका खऱ्याखुऱ्या भिक्खूंनीच केल्या. पुढे धार्मिक मुखवट्यांच्या वापरावरून त्यांच्या ‘हेमा हेमा’ या चित्रपटाला भूतानमध्येच मनाई झाली, तरी लामा थांबले नाहीत. धर्म गंभीर चेहऱ्यानेच सांगावा लागतो, हा गैरसमज ‘द कप’ दीड तासात दूर करतो.