उताऱ्याचे उत्तर आणि आकलनाचा प्रश्न

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) दहावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत ११ डिसेंबर २०२१ रोजी एक उतारा आला. स्त्रीमुक्तीमुळे मुलांवरील आईवडिलांचा अधिकार ढासळला, असा त्याचा सूर होता. १३ डिसेंबरला सोनिया गांधी यांनी लोकसभेत त्यावर आक्षेप घेतला. त्याच दिवशी मंडळाने उतारा वगळून त्यावरील प्रश्नांचे पूर्ण गुण सर्व परीक्षार्थींना देण्याचे जाहीर केले. प्रकरण तेथेच मिटले.

वाद उताऱ्यातील विचारांवर झाला आणि तो रास्तच होता. मात्र प्रश्नांच्या घडणीकडे फारसे कोणी पाहिले नाही. ती परीक्षा बहुपर्यायी होती. उताऱ्यातील मत ज्या मुलीला पटले नाही, तिलाही चारांपैकी एक वर्तुळ काळे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. लेखक काय म्हणतो हे ओळखणे ही आकलनाची पहिली पायरी. त्याचे म्हणणे कशावर आधारलेले आहे आणि ते टिकते का, हे तपासणे ही पुढची. आपली परीक्षा बहुधा पहिल्या पायरीवरच थांबते.

देशभरातील वर्गांत याचे परिणाम दिसतात. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उतरवायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे, ही युक्ती मुले लवकर आत्मसात करतात. उत्तर बरोबर येते. अर्थ कळला की नाही, हे गुलदस्त्यातच राहते. व्याकरणाची गत वेगळी नाही. सीबीएसईच्या दहावीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत वाचनाला २० आणि व्याकरणाला १० गुण आहेत. रिकाम्या जागा भरणे, चूक दुरुस्त करणे, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करणे, असे प्रश्न नियम पाठ असला की सुटतात. तोच विद्यार्थी बँकेच्या व्यवस्थापकाला चार ओळींचा अर्ज लिहिताना अडखळतो.

ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत, त्यांची ही उणीव घरीच भरून निघते. ज्यांना इंग्रजी केवळ शाळेच्या तासाला भेटते, त्यांचे काय? ‘असर २०२३’ या अहवालासाठी ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींची पाहणी झाली. इंग्रजीतील साधी वाक्ये ५७.३ टक्क्यांना वाचता आली आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले एकतर वाक्य वाचू शकत नव्हती किंवा वाचूनही ते त्यांना उमगत नव्हते. याच पाहणीत सुमारे पाव मुलांना प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही अस्खलित वाचता आला नाही. या मुलांची अडचण इंग्रजीच्या आधी, वाचनापाशीच सुरू होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी क्षमतांच्या मूल्यमापनावर भर दिला. त्यानुसार सीबीएसईने क्षमताधारित प्रश्नांचा वाटा वाढवत नेला. दिशा योग्य आहे. परंतु असे प्रश्नही ठरावीक नमुन्यात अडकले, तर मार्गदर्शके त्यांचेही साचे वर्षभरात बाजारात आणतील.

उपाय अवघड आहेत, कारण ते खर्चिक आहेत. ‘तुम्हाला हे पटते का? उताऱ्याच्या आधारे कारण द्या,’ असा एक खुला प्रश्न विचारायचा, तर लाखो उत्तरे जाणत्या शिक्षकाने वाचावी लागतील. परीक्षकांचे प्रशिक्षण, मानधन आणि वेळ यांची तरतूद करावी लागेल. ओएमआर पत्रिका त्यामानाने स्वस्त पडते. दुसरे म्हणजे, मातृभाषेच्या तासालाही अनोळखी उताऱ्यावर विचार करण्याची सवय लावली पाहिजे. अर्थ लावण्याचे कौशल्य एका भाषेत रुजले की दुसरीतही उपयोगी पडते. मग इंग्रजीच्या शिक्षकाला फक्त इंग्रजी शिकवावी लागेल.

२०२१ मध्ये सर्वांना पूर्ण गुण मिळाले. तो उतारा कोणाला किती कळला होता, हे मात्र कधीच कळले नाही. उद्या हीच मुले कर्जाचा करार, औषधाची चिठ्ठी आणि मोबाइलवर आलेला संदेश वाचणार आहेत. तेथे चार पर्याय छापलेले नसतील.