बंगालचे पाडा-क्लब : हिशेब सरकारला की गल्लीला?

कोलकात्यात १६ ऑगस्ट हा दिवस फुटबॉलच्या नावाने रक्तदान करण्याचा आहे. १९८० साली याच तारखेला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील सामन्यात प्रेक्षकांमध्ये हाणामारी झाली आणि त्यानंतरच्या चेंगराचेंगरीत १६ जणांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ 'फुटबॉलप्रेमी दिन' पाळला जाऊ लागला. इंडियन फुटबॉल असोसिएशन (नाव अखिल भारतीय वाटले तरी ही बंगालचीच फुटबॉल संघटना आहे) त्या दिवशी रक्तदान शिबिर घेते. मैदानावरील दुर्घटनेचे स्मरण रक्तदानाने करावे, ही कल्पना बंगालमध्ये कोणालाही नवलाची वाटली नाही. कारण क्रीडा क्लब आणि रक्तदान यांचे नाते तेथे गल्लोगल्ली रुजलेले आहे.

बंगालीत 'पाडा' म्हणजे शहरातील मोहल्ला. प्रत्येक पाड्याला आपला क्लब असतो. कोल्हापूरची पेठेतील तालीम किंवा लालबाग-परळचे क्रीडा मंडळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या क्लबचे रूप अनोळखी वाटणार नाही. एक-दोन खोल्या, कॅरम, चषकांचे कपाट, शक्य असेल तेथे समोर एक लहानसे मैदान, आणि संध्याकाळी हमखास रंगणारा अड्डा. यातील बहुतेकांच्या नावात 'स्पोर्टिंग', 'अ‍ॅथलेटिक' किंवा 'संघ' असे शब्द असतात. फुटबॉलची स्पर्धा, दुर्गापूजेचा मंडप आणि शेजारच्या आजारी माणसासाठी रात्री धावपळ, ही तिन्ही कामे तीच माणसे करतात. कागदोपत्री ही संस्था पश्चिम बंगालच्या १९६१ च्या संस्था नोंदणी कायद्याखाली येते. प्रत्यक्षात ती पाड्याची अनधिकृत नगरपालिका असते.

या परंपरेला इतिहास आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेली अनुशीलन समिती वरकरणी व्यायामशाळाच होती. तिच्या आखाड्यांतून पुढे क्रांतिकारक घडले. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आयएफए शिल्ड जिंकली, तेव्हा क्लब हा शब्द खेळाच्या पलीकडे गेला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी दक्षिण कोलकात्यात वसाहती उभारल्या. त्या वसाहतींत शाळा, वाचनालय आणि क्लब लोकांनीच वर्गणी काढून उभे केले, कारण दुसरे कोणी ते करणार नव्हते. २० मे २०२० रोजी 'अम्फान' चक्रीवादळाने शहर झोडपले. त्यानंतर अनेक भागांत वीज कित्येक दिवस आली नाही आणि रस्ते उन्मळलेल्या झाडांनी अडले. टाळेबंदीही सुरूच होती. त्या दिवसांत फांद्या तोडण्यापासून सामुदायिक स्वयंपाकघर चालविण्यापर्यंतची कामे पाड्यातील तरुणांनी उचलली.

या सर्व कामांत रक्तदानाचे महत्त्व वेगळे आहे, आणि त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. तेव्हापासून रुग्णालयांची भिस्त स्वेच्छा दात्यांवर किंवा रुग्णाच्या नातेवाइकांवर आहे. नातेवाइकांनी बदली दाता आणण्याची सक्ती सर्वांत जाचक ठरते ती परक्या शहरात उपचारासाठी आलेल्या गरिबाला. बंगालमध्ये ती झळ पुष्कळ अंशी पाडा-क्लबच्या रविवारच्या शिबिरांनी कमी केली आहे. निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. पण तो दाता पुन्हा यावा यासाठी त्याला नावाने हाक मारणारा कोणीतरी लागतो. शासकीय जाहिरात हे काम करू शकत नाही. क्लबचा सचिव करू शकतो, कारण दाता त्याच्याबरोबर फुटबॉल खेळून मोठा झालेला असतो.

रक्त साठवून ठेवता येत नाही, हा या व्यवस्थेतील खरा पेच. सर्वसाधारण पिशवीतील रक्त ३५ दिवस टिकते, विशेष द्रावणातील लाल पेशी ४२ दिवस आणि प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. थॅलेसेमियाच्या मुलांना साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. म्हणजे वर्षाकाठी शिबिरे किती झाली यापेक्षा ती वर्षभर विभागून झाली का, हे अधिक महत्त्वाचे ठरते. उन्हाळा, निवडणुका आणि पूजेचा हंगाम या तीन काळांत बंगालच्या रक्तपेढ्यांत टंचाई जाणवते. तिन्ही वेळी क्लबची माणसे एक तर घामाघूम असतात किंवा अन्यत्र गुंतलेली असतात. आणखी एक दोष या चळवळीत शिरला आहे. दात्यांची संख्या फुगविण्यासाठी काही शिबिरांत बॅग, भांडी, प्रेशर कुकर अशा भेटवस्तू वाटल्या जातात. आमिषाने आलेला दाता आपला आजार लपविण्याची शक्यता अधिक असते, म्हणूनच स्वेच्छा रक्तदानाच्या चळवळीतील जुने कार्यकर्ते या प्रथेला सातत्याने विरोध करीत आले आहेत. भेटवस्तूंसाठी पैसा लागतो, आणि तो कोठून येतो हा प्रश्न थेट आजच्या वादापर्यंत नेतो.

राज्याच्या क्रीडा विभागाने २०१२ पासून क्लबना अनुदान देण्यास प्रारंभ केला. पहिल्या वर्षी २ लाख रुपये आणि पुढील वर्षांत प्रत्येकी १ लाख, असे त्याचे स्वरूप होते. २०१८ मध्ये दुर्गापूजा मंडळांसाठी स्वतंत्र अनुदान सुरू झाले. तेव्हा २८ हजार मंडळांना प्रत्येकी १० हजार रुपये मिळाले. ही रक्कम २०१९ मध्ये २५ हजार, २०२० मध्ये ५० हजार, २०२२ मध्ये ६० हजार, २०२३ मध्ये ७० हजार, २०२४ मध्ये ८५ हजार आणि २०२५ मध्ये १ लाख १० हजार झाली. आता लाभार्थी मंडळांची संख्या ४० हजारांच्या वर गेली आहे. ती ४० हजारच धरली, तरी एका वर्षाचा खर्च ४४० कोटी रुपये होतो. वीजबिलातील सवलत निराळी.

या खर्चाच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद पोकळ नाही. पूजेमुळे कारागीर, मंडपवाले, ढाकी आणि फेरीवाले यांच्या हाती पैसा येतो. २०२१ मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. शिवाय छोट्या क्लबना वर्गणीसाठी दारोदार जाण्याचा त्रास कमी होतो. मात्र नेमका हाच मुद्दा तपासून पाहण्याजोगा आहे. वर्गणी मागायला दारात आलेल्या तरुणाला गृहिणी गेल्या वर्षीचा हिशेब विचारते, मैदानात गाड्या का उभ्या असतात म्हणून जाब विचारते, कधी पाचशेऐवजी शंभर रुपये हातावर ठेवून नाराजी कळविते. वर्गणीचा हा फेरा हेच क्लबचे लेखापरीक्षण होते. धनादेश आल्यावर त्या दारात जाण्याची निकड उरत नाही. (वर्गणीच्या नावाखाली जबरदस्ती करणारे क्लबही होते आणि आहेत, हे येथे नाकारता येणार नाही.)

न्यायालयांनीही या पैशाकडे हिशेबाच्या बाजूने पाहिले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ५० हजारांपैकी ७५ टक्के रक्कम मास्क आणि निर्जंतुक द्रव्यांवर आणि उर्वरित २५ टक्के पोलीस-जनता संबंध दृढ करण्यावर खर्च करण्याचा आदेश दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने विनियोग प्रमाणपत्र न देणाऱ्या मंडळांना अनुदान मिळणार नाही, असे स्पष्ट केले. दोन्ही आदेश योग्यच. परंतु विनियोग प्रमाणपत्र सरकारदरबारी जाते. क्लबने पाड्यासाठी काय केले, हे पाड्याला कळण्याची सोय त्यात नाही.

पैसा आणि निष्ठा यांचा संबंध किती नाजूक असतो, ते ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरच्या बलात्कार आणि हत्येनंतर शहर पेटून उठले. १८ ऑगस्टचा मोहन बागान-ईस्ट बंगाल हा ड्युरँड चषकातील सामना सुरक्षेच्या कारणावरून रद्द करण्यात आला. त्या संध्याकाळी दोन्ही संघांचे आणि मोहमेडन स्पोर्टिंगचेही समर्थक सॉल्ट लेक मैदानाबाहेर एकत्र जमले आणि त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. पुढील आठवड्यांत काही पूजा मंडळांनी त्या वर्षीचे ८५ हजार रुपये नाकारले. नाकारणारी मंडळे एकूण संख्येच्या मानाने अगदी मोजकी होती. नकाराला धैर्य लागावे, यातच अनुदानाने काय बदलले आहे ते दिसते.

क्लबच्या कामासाठी पैसा लागतोच; तो सरकारशिवाय उभा राहू शकतो का, याचे एक उत्तर केरळमध्ये सापडते. मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत पावसाळा सरल्यावर 'सेव्हन्स' फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. एका संघात सात खेळाडू, कापणी झालेल्या शेतात किंवा शाळेच्या मैदानावर प्रखर दिव्यांखाली सामना, बांबू-पोफळीच्या तात्पुरत्या गॅलऱ्या आणि घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट येथून आलेले खेळाडू. अखिल भारतीय महासंघाच्या अधिकृत चौकटीत हा खेळ बसत नाही. तरीही तिकिटांच्या उत्पन्नातून गावचे क्लब रुग्णांच्या उपचाराला, बेघरांच्या घराला आणि वेदनाशामक सेवा देणाऱ्या केंद्रांना मदत करतात. कोळिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेली वेदनाशमन चळवळ मलप्पुरममध्ये शेजारीपाजाऱ्यांच्या जाळ्यातून वाढली आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासंबंधी स्वतंत्र धोरण स्वीकारले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जाणारा स्वयंसेवक आणि सामन्याला शिट्टी वाजवणारा प्रेक्षक एकाच गावचे असतात.

हा मार्गही निर्दोष नाही. मार्च २०२२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात सामन्यादरम्यान गॅलरी कोसळून अनेक प्रेक्षक जखमी झाले. मार्च २०२४ मध्ये याच जिल्ह्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला जमावाने मारहाण केली आणि वर्णद्वेषी शेरेबाजीची तक्रार झाली. तिकिटावर चालणाऱ्या क्लबला गर्दी हवी असते, आणि गर्दीची सुरक्षा ही खर्चाची बाब आहे. तरीही एक फरक उरतोच. सेव्हन्सच्या क्लबने रुग्णासाठी जमविलेला पैसा रुग्णापर्यंत पोहोचला नाही, तर पुढच्या हंगामात तिकिटे खपत नाहीत.

राष्ट्रीय धोरणात या दोन्ही प्रकारच्या क्लबना ठळक स्थान नाही. २०२५ मध्ये संमत झालेला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा राष्ट्रीय महासंघांच्या कारभाराविषयी आहे. तो गल्लीतील क्लबपर्यंत पोहोचत नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्वाच्या निधीतून ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाला पैसा देता येतो, म्हणजे तेथेही क्लबकडे खेळाडू घडविण्याची जागा म्हणूनच पाहिले जाते. पदकाची मोजणी सोपी असते. शेजाऱ्यासाठी रात्री दोन वाजता मिळवलेली रक्ताची पिशवी कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

बंगालमध्ये अनुदान बंद करणे आता कोणत्याही पक्षाला राजकीयदृष्ट्या सोपे नाही. करता येण्यासारख्या गोष्टी लहान आहेत. विनियोग प्रमाणपत्राची प्रत आणि वर्षाचा जमाखर्च क्लबच्या दारावर बंगालीत लावण्याची अट घालता येईल. रकमेचा एक भाग एप्रिल ते जून या टंचाईच्या महिन्यांत भेटवस्तूविना शिबिर घेणाऱ्या क्लबसाठी राखून ठेवता येईल. कोणत्या आठवड्यात रक्त कमी पडते याची नोंद रक्तपेढ्यांकडे असतेच, आणि शिबिराची तारीख ठरविताना क्लबला त्यांच्याशीच बोलावे लागते.