म्हातारपणाचा विमा : आधी हिशेब, मग हप्ता



शेतकी खात्याच्या माणसाने लागण-खोडव्याचे सोडून दवाखान्याच्या बिलावर लिहावे, हे काहींना वावगे वाटेल. पण नोकरदाराला निवृत्तीची तारीख असते, शेतकऱ्याला ती नसते आणि निवृत्तिवेतनही नसते. आजारपण मात्र दोघांनाही चुकत नाही. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

गेल्या पावसाळ्यात कारखाना बंद असताना आमचे मुंबईत वर्सोव्याला जाणे झाले. आमच्या गटातले एक जुने सभासद, वय ६८, तिथे मुलाकडे होते. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन ते नुकतेच घरी आले होते. मुलाच्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांची नावे होती, म्हणून घरचे सगळे निर्धास्त. पण मुलाने नोकरी बदलली आणि तो विमा तिथेच संपला. नव्या कंपनीचा विमा फक्त बायको-मुलांना. शिधापत्रिका गावाकडे कपाटात, आणि नेले तो दवाखाना सरकारी योजनेच्या यादीत नव्हता. "साहेब, तीन एकरांचं ऊस बिल आठ दिवसांत गेलं बघा," एवढेच ते म्हणाले. खिडकीतून कोळीवाड्यातल्या होड्या दिसत होत्या. दर्यावर जाणाऱ्याची आणि बांधावर उभे राहणाऱ्याची गत या बाबतीत एकच, असे आम्हांस वाटले.

आमचे म्हणणे असे, की मुलाच्या विम्यावर विसंबून राहू नये. आधी जे फुकट मिळते ते पदरात पाडून घ्यावे आणि मग वरचा विमा घ्यावा.

फुकटचे काय, ते आधी पाहू. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झाली. तिच्यात आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार यादीतल्या दवाखान्यांत मिळतात. वय ७० पूर्ण झाले असेल, तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डही निघते. त्याला उत्पन्नाची अट नाही. पण घरात दोघे सत्तरीपुढचे असले तरी ते ५ लाख दोघांत मिळून असतात, हे ध्यानात घ्यावे. दवाखान्यात आरोग्यमित्राला आधी भेटावे. कोणता दवाखाना यादीत आहे, हे १४५५५ किंवा १५५३८८ वर विचारता येते. पेशंट गाडीत घातल्यावर ही चौकशी होत नसते.

आता वरचा विमा. यात टॉप-अप आणि सुपर टॉप-अप असे दोन प्रकार असतात. ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च आपला, त्यावरचा कंपनीचा. म्हणूनच हप्ता कमी बसतो. समजा ती रक्कम ५ लाख आहे आणि एका वर्षात ४-४ लाखांची दोन बिले झाली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे मोजतो, म्हणून एक पैसाही मिळणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो, म्हणजे ८ लाखांतले ३ लाख मिळतील. घ्यायचाच तर सुपर टॉप-अप घ्यावा. मात्र खालचे ५ लाख सरकारी कार्ड भरेल, असे गृहीत धरू नये. ते कार्ड यादीतल्या दवाखान्यापुरते चालते. दुसरीकडे गेलात तर ती रक्कम गाठीला किंवा दुसऱ्या विम्यात हवी.

नुसता हप्ता बघून कागदावर सही करू नका. पॉलिसीत २० टक्के सहभाग आपला असे लिहिले असेल, तर ३ लाखांच्या बिलातले ६० हजार तुमचे. खोलीच्या भाड्याला ३ हजारांची मर्यादा असताना ६ हजारांची खोली घेतली, तर डॉक्टर-शस्त्रक्रियेच्या खर्चातही त्याच प्रमाणात काट लागू शकते. जुना मधुमेह किंवा रक्तदाब लपवू नये. त्यासाठी थांबण्याची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने केली आहे. लपवले तर ऐनवेळी दावा नाकारतात.

काही गोष्टी आपल्या बाजूने झाल्या आहेत. २०२४ पासून ६५ वर्षांपुढच्यांनाही नवा विमा घेता येतो. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर जानेवारी २०२५ पासून कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावे लागते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. पॉलिसी हाती आल्यावर पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. आणि मुलगा नोकरी सोडणार असेल, तर आईवडिलांचा विमा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वळवता येईल का, हे त्याने सोडण्याआधी विचारावे.

काही सभासद म्हणतील, एवढा हप्ता भरून आजारच आला नाही तर पैसे पाण्यात. अहो, बेणेप्रक्रियेचा खर्च आपण रोग यावा म्हणून करतो का? आणि शेतात काणी दिसू लागल्यावर बेणेप्रक्रिया करून काय उपयोग?

तेव्हा मोळी पडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांची कार्डे काढून घ्यावीत. शिधापत्रिका आणि आधार एका पिशवीत ठेवून ती पिशवी सुनेला-मुलाला दाखवून ठेवावी. आणि ऊस बिलाचा पहिला हप्ता जमा होईल तेव्हा खताचे पैसे जसे बाजूला काढता, तसे विम्याचेही काढावेत. गट कार्यालयांत कार्डांसाठी शिबिरे भरवावीत, असे आम्ही व्यवस्थापनास सुचवीत आहोत. पण शिबिराची वाट बघत कुणी थांबू नये, ही विनंती.