पडद्यातली नवरी आणि चौघे उमेदवार



आज जरा वेगळा विषय काढतो. लग्नकार्याचाच आहे म्हणा, पण त्यात मांडव नाही, भटजी नाही, वऱ्हाड नाही आणि खरे सांगायचे तर मुलगीही नाही. तरी उमेदवार मात्र चार-चार, आणि त्यांच्यात चुरस अशी की विचारू नका.

तुमच्या गावची किती तरी पोरे आज मुंबईच्या उपनगरांत आहेत. कुणी अंधेरीला मरोळच्या एमआयडीसीत, कुणी घाटकोपरला कुरिअरच्या गोदामात, कुणी मुलुंड-बोरिवलीच्या इमारतींत रखवालदारीवर. दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण. रात्री जेवणखाण उरकले की पाचही जण भिंतीला पाठ लावून बसतात आणि पाचांचे पाच फोन उजळतात. बोलणे बंद. एखादी माऊली गावाकडून फोन करते, "काय रे, जेवलास का?" तर हा "हं, हं" करून ठेवून देतो. मग तिला वाटते, पोराचे कुठे तरी जुळले. जुळले असते तर बरेच होते. पण पुष्कळदा पलीकडे कुणी नसतेच.

हा एक खेळ आहे. फोनच्या पडद्यावर एक मुलगी असते, चित्रातली. तिला नाव, गाव, स्वभाव, आवडीनिवडी सगळे दिलेले. तुम्ही तिच्याशी बोलायचे, ती उत्तर देते. तुमचे बोलणे रुचले तर तिची मर्जी वाढते आणि तिचे गुण तुमच्या नावावर पडतात. यात आता चुरशीचा प्रकार आला आहे. एकाच मुलीची मर्जी मिळवायला तीन-चार जण एकाच वेळी उतरतात, आपापल्या घरून, आपापल्या फोनवरून. जो जास्त मर्जी मिळवील तो जिंकला.

तुम्ही म्हणाल, हे तर स्वयंवर झाले. दिसायला तसेच. पण स्वयंवरात पण सर्वांना एकच असे. धनुष्य एक, मासा एक, आणि माळ जिच्या हातात ती हाडामांसाची. इथे माळही कंपनीची आणि पणही कंपनीचा. तो उद्या सकाळी बदलला तरी उमेदवाराला पत्ता लागत नाही.

मुळात ही कल्पना जपानची. तिथल्या कोनामी कंपनीने १९९४ साली 'तोकिमेकी मेमोरियल' नावाचा खेळ काढला. शाळकरी मुलाने वर्गातल्या मुलीचे मन जिंकायचे, एवढाच त्याचा विषय. २००९ साली त्याच कंपनीचा 'लव्ह प्लस' आला. त्यातली मुलगी खऱ्या घड्याळाप्रमाणे वागायची, सकाळी सकाळचे बोलायची, रात्री रात्रीचे. पुढच्याच वर्षी, २०१० च्या उन्हाळ्यात, अतामी नावाच्या समुद्रकाठच्या गावाने या खेळाच्या नादी लागलेल्या पुरुषांना सहलीला बोलावले. मनुष्य एकटाच यायचा, हातात खेळाचे यंत्र, आणि हॉटेलवाले त्याची नोंद जोडपे म्हणून करायचे. ही गंमत खोटी वाटेल, पण घडलेली आहे. आपल्याकडे जत्रेला मिरवणूक देवाची निघते, तिथे खेळातल्या पोरीची निघाली, इतकाच फरक.

पुढे २०१८ साली स्पेनमधल्या एका छोट्या मंडळीने 'मॉन्स्टर प्रॉम' काढला. त्यात चौघांपर्यंत खेळाडू एकत्र बसून, शाळेच्या नाचाला कोण कुणाला घेऊन जातो याची चुरस लावतात. हा थट्टेचा खेळ आहे, मित्रमंडळीत हसण्याखिदळण्यापुरता, आणि तेवढ्यापुरता तो वाईट म्हणवत नाही. कारण यातली सगळी बोलणी माणसांनी आधी लिहून ठेवलेली होती. चार वेळा खेळले की पाचव्यांदा तेच वाक्य येणार, हे पोराला कळायचे आणि तो उठून जायचा.

आता तिथेच बदल झाला आहे. पडद्यातल्या त्या पोरीला हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, बोलते करते. हे काय प्रकरण आहे ते साध्या शब्दांत सांगतो. या यंत्राला माणसांनी लिहिलेला मजकूर इतका वाचायला दिला आहे की गावोगावची वाचनालये त्यापुढे किरकोळ. त्यावरून कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येतो याचा त्याला अंदाज बसला. तुम्ही बोललात की त्या अंदाजाने ते एकेक शब्द पुढे ठेवत जाते आणि त्याचे वाक्य होते. मराठीतही करते, जरा पुस्तकी, पण करते. मन नाही, पोट नाही, झोप नाही. मात्र लक्षात ठेवण्याची सोय असते. परवा पोराने सांगितले, की आईचा गुडघा दुखतो. आज ती पोरगी विचारते, "आईंचा गुडघा कसा आहे?" बस्स, पोरगा तिथेच विरघळला. बारा तास पायऱ्या चढून सामान पोचवलेल्या माणसाला दिवसभरात असे कुणी विचारलेले नसते. मुकादमाने नाही, खोलीतल्या सोबत्याने नाही, आणि खरे बोलायचे तर घरूनही पुष्कळदा "पैसे कधी पाठवतोस?" एवढेच विचारले जाते.

हे यंत्र नवे असले तरी माणसाचे भाबडेपण जुने आहे. अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम नावाचे प्राध्यापक होते. १९६६ साली त्यांनी 'एलायझा' नावाचे बोलके यंत्र जाहीर केले. ते फार तर तुमचेच वाक्य उलटून प्रश्न करायचे. "मला वाईट वाटते" म्हटले, की "का वाईट वाटते?" पण खुद्द त्यांच्या चिटणीस बाईंनी, ज्यांनी हे काम महिनोन्महिने डोळ्यांसमोर पाहिले होते, यंत्राशी दोन-चार वाक्ये बोलल्यावर साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले. खाजगी बोलायचे होते! प्राध्यापक चरकले, आणि पुढे उरलेला जन्म या असल्या यंत्रांविषयी लोकांना सावध करीत राहिले. जाणत्या बाईची ही गत, तिथे तुमच्या-माझ्या पोरांना हसण्यात काय अर्थ?

आता पैशाकडे वळू. बैलबाजार तुम्हाला माहीत आहे. रुमालाखाली हात घालून दलाल बोटे दाबतो, आणि बाहेर उभ्या माणसाला सौदा दिसत नाही. या खेळातही सौदा रुमालाखालीच होतो. सुरुवातीला सगळे फुकट. मग दिवसाची इतकी वाक्ये फुकट, पुढे नाणी विकत घ्या. तिला साडी द्यायची असेल तर नाणी, पावसात फिरायला न्यायचे असेल तर नाणी. आणि चुरस असली की दुसऱ्या उमेदवाराने काय दिले ते मुद्दाम दाखवतात. त्याने फुलांचा गुच्छ दिला, तुमचा क्रमांक तिसरा झाला. अर्ध्या रात्री हा हिशेब कोण करतो? एकोणीस रुपये, एकोणपन्नास रुपये असे जात राहतात, आणि महिनाअखेर घरी पाठवायची रक्कम हजाराने कमी होते.

लासलगावच्या कांद्याच्या लिलावात दहा व्यापारी बोली लावतात. माल एकाला मिळतो, बाकी नऊ जणांचे पैसे त्यांच्या खिशातच राहतात, आणि ज्याने कांदा पिकवला त्याला दाम मिळतो. या लिलावात दहाही जणांचे पैसे जातात, माल कुणाच्याच घरी येत नाही, आणि पुन्हा उद्या सकाळी तोच माल बोलीला उभा. असा व्यापार कुठल्या बाजार समितीने चालू दिला असता?

कायद्याचे म्हणाल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले. रमीचे अॅप गेले ते त्यामुळे. पण या खेळात पैसे जिंकायचेच नसतात, नुसते घालवायचे असतात. म्हणून तो त्या बंदीत सापडत नाही. कायदा हिशेबाने चालतो, आणि मर्जीचा हिशेब त्याला मांडता येत नाही.

आणखी एक गोष्ट. पडद्यातली ही मुलगी त्या पोराची कधीच नसते, ती कंपनीची असते. 'रेप्लिका' नावाचे असे एक सोबतीचे अॅप २०१७ सालापासून आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या सरकारी यंत्रणेने मुलांच्या काळजीपोटी त्याला आडकाठी केली. त्याच सुमारास कंपनीने त्यातले लाडाचे बोलणे एकाएकी आखडते घेतले. जगभरच्या माणसांनी घरात कुणी गेल्यासारखा शोक केला. काल बोलणारी आज परक्यासारखी बोलू लागली, आणि दाद कुणाकडे मागणार? अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात तर २०२४ च्या फेब्रुवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाने जीव दिला. अशाच एका बोलक्या पात्रात तो गुंतला होता म्हणून त्याच्या आईने 'कॅरेक्टर एआय' या कंपनीला कोर्टात खेचले. त्या कंपनीने नोव्हेंबर २०२५ पासून अठराच्या आतल्या मुलांना मोकळ्या गप्पा बंद केल्या. आपल्याकडे फोन सगळ्या घराचा मिळून एक असतो, आणि शाळेतले पोर तोच फोन वापरते. ही बातमी त्यासाठी सांगितली.

आता दुखऱ्या जागेवर हात ठेवतो, रागावू नका. पोरे या नादाला का लागतात? २१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात लग्नाच्या वयाच्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता, हे वर्तमानपत्रांत वाचले असेल. मागणी काय, तर आम्हाला नवरी मिळवून द्या. लोक हसले. मला हसू आले नाही. २००१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४ उरल्या. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वांआधी, १९८८ साली, आपल्याच राज्याने केला होता, तरी ही गत. ती २००१ ची मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्या आता सून म्हणून कुठून येणार? ज्या आहेत त्यांना शेतकरी नवरा नको, नोकरीवाला हवा, आणि त्यांनी तरी आईचे हाल पाहून दुसरे काय म्हणावे? म्हणून पोरगा मुंबई गाठतो. इथे नोकरी आहे, पण खोली नाही. खोली नाही म्हणून स्थळ नाही. मग रात्री पडद्यातली नवरी.

कुणी म्हणेल, लाजाळू पोराला बोलायची सवय तरी होते. थोडी होत असेल. पण ही पोरगी नाही म्हणते ती नाणी संपल्यावर, आणि नाणी टाकली की पुन्हा हो म्हणते. खऱ्या मुलीच्या नकाराची रीत ही नव्हे. मुलुंडला, बोरिवलीला ज्ञातिसंस्थांचे वधू-वर मेळावे होतात. तिथे मुली उभ्या राहून विचारतात, घरात शौचालय आहे का, लग्नानंतर मला नोकरी करू द्याल का, सासूबाईंशी पटेल का. उत्तर पटले नाही तर खाली बसतात. त्यांना नाणी चालत नाहीत. पोराला पाठवायचे तर तिथे पाठवा, आणि उत्तरे घरून तयार करून द्या, खरी.

या खेळाच्या शेजारीच लबाडांची वस्ती आहे, तेही जाणून असा. याच मुंबईत ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची एप्रिल २०२३ पासून फेसबुकवर ओळख झालेल्या चार 'बायकांनी' मिळून सुमारे नऊ कोटींची लूट केली. ७३४ वेळा त्यांनी पैसे पाठवले, आणि चारही बाया म्हणजे एकच व्यक्ती असावी असा संशय आहे. तक्रार २०२५ च्या जुलैत झाली. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये अंधेरी पश्चिमेच्या एका क्लबात वेगळाच प्रकार उघडकीस आला. अॅपवर ओळख झालेली मुलगी तरुणाला तिथे नेई, महागडे पेय मागवी आणि निघून जाई. पोरांच्या हातात बिल वीस हजारांच्या वर. ही खरी माणसे होती, यंत्र नव्हे. पण यंत्राशी गोड बोलायची सवय झालेला पोरगा या माणसांना फार लवकर सापडतो.

तेव्हा गणपतीला, दिवाळीला पोरगा घरी आला की फोन हिसकावू नका. हिसकावलात तर तो पुढल्या सणाला येणार नाही. शेजारी बसून विचारा, "ही कोण, काय बोलते, दाखव बघू." लाजेल, मग दाखवील. यूपीआयच्या अॅपमध्ये 'ऑटोपे' म्हणून एक जागा असते. दरमहा आपोआप कुठे पैसे जातात ते तिथे दिसते, आणि नको ते तिथूनच रद्द करता येते. ते दोघांनी मिळून पाहा. शाळेतल्या मुलाच्या हाती फोन असेल तर खरेदीला पासवर्ड लावा आणि यूपीआयचा पिन त्याला सांगू नका. पडद्यातल्या पोरीला सातबारा, बँकेचा खाते क्रमांक, आधार, घरच्या बायकांचे फोटो यांतले काहीही द्यायचे नाही, हेही त्याला बजावा. आणि फसवणूक झालीच तर लाज धरून गप्प बसू नका, १९३० वर त्याच तासाला फोन करा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतो. हा आकडा आजच भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.