अठरा तासांचा अभ्यास आणि माइंडसेटची दुकाने

एप्रिल जवळ आला की विद्यापीठांत, वसतिगृहांत, विहारांत 'सलग अठरा तास अभ्यास' उपक्रमाचे बॅनर लागतात. पहाटे सहाला बसलेली पोरे-पोरी रात्री बाराला उठतात. डीजेपुढे नाचण्यापेक्षा हे अभिवादन शंभरपट चांगले, त्यावर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या दिवसांबद्दल. जयंतीला अठरा तास बसणारा तरुण मे महिन्यात रोज दोन तास का बसत नाही? हा प्रश्न आपण विचारत नाही. म्हणून तो दुसरेच कोणी विचारतात आणि त्याचे उत्तर फी घेऊन विकतात.

विकणारे कोण ते सर्वांना माहीत आहे. मोबाईल उघडला की कोट घातलेला माणूस सांगतो, गरिबी खिशात नसते, डोक्यात असते. पहाटे चारला उठा. आरशासमोर उभे राहून 'मी यशस्वी आहे' म्हणा. नकारात्मक लोकांपासून दूर राहा. (या नकारात्मक लोकांत मोर्चाला जाणारा मित्र पहिला येतो.) दिवसभर पार्सल पोचवणारी आपली पोरे पैसे साठवून या शिबिरांना जातात. आता तर आपल्याच जयंती मंडळांच्या व्यासपीठावर असे वक्ते येतात आणि बाबासाहेबांनाच 'माइंडसेट'चे उदाहरण करून जातात. विचार मोठा ठेवला म्हणून मोठे झाले, एवढाच त्यांचा सारांश.

मग बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९१६ मध्ये तिथून लंडनला गेले. १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले, कारण शिष्यवृत्ती संपली. त्या वर्षी त्यांचा माइंडसेट बिघडला होता काय? बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आले. माणूस तोच, जिद्द तीच, वाचनाचे तासही तेच. मध्ये आडवा आला तो पैसा आणि जात. आणि त्या सगळ्या वर्षांत मुंबईत रमाईने जो संसार ओढला, तो या अठरा तासांच्या हिशेबात कुणीच धरत नाही.

बार्टीचे संशोधक विद्यार्थी फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसले, तेव्हा ते नकारात्मक विचार करत नव्हते. १९१७ मध्ये जी गोष्ट आडवी आली तीच ते मागत होते.

इथपर्यंत बहुतेक वाचक माझ्याशी सहमत असतील. अडचण पुढे आहे. आपल्यातले काही कार्यकर्ते इथेच थांबतात. सगळे व्यवस्थेचे आहे, मन-बिन सगळा भांडवलदारी बनाव, असे म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. मनाचा प्रश्न खरा आहे. फक्त तो मनात सुरू होत नाही.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला होता. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित शाळकरी मुलांना कागदावर वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. सुटतील तशी बक्षिसाची रक्कम. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या तुकड्यांत कोडी देण्याआधी प्रत्येकाचे नाव-गाव-जात सर्वांसमोर वाचून दाखवली. दरी पडली, आणि ती मोठी होती. दलित मुलांची कोडी कमी सुटली. कोडी तीच होती. जात वाचून दाखवल्याने कुणाची बुद्धी कमी होत नसते. बदलले ते एवढेच, की आपल्याकडून इथे काय अपेक्षित आहे हे त्या पोरांना आठवून दिले गेले.

समाजशास्त्राच्या वर्गात हा प्रयोग एक नोंद म्हणून शिकवला जातो. आपल्याला तो रोज भेटतो. वर्गात उभे करून 'शिष्यवृत्तीवाले कोण कोण' विचारले जाते, वसतिगृहात पहिल्या रात्री 'रँक किती' विचारली जाते, आडनाव ऐकून समोरचा अर्धा सेकंद थांबतो. 'मला जमणार नाही' हा समज असा बाहेरून आत येतो. त्याला आरशासमोर उभे करून घालवता येत नाही, कारण आरशात एकच माणूस दिसतो आणि समज देणारे बाहेर बरेच असतात.

माइंडसेट हा शब्द ज्यांच्यामुळे जगभर गेला त्या कॅरल ड्वेक यांचाही सहभाग असलेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आला. अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक नववीच्या मुलांना, बुद्धी मेहनतीने वाढते हे एका तासाहून कमी वेळात ऑनलाइन शिकवले. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि जिथे सोबतची मुले अवघड काम अंगावर घ्यायला तयार होती, त्या शाळांत परिणाम जास्त दिसला. कोटवाला माणूस हा शेवटचा भाग सांगत नाही.

आपल्या चळवळीला हे फार आधी कळले होते. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, मनुस्मृती जाळल्यानंतर, बायकांपुढे बोलताना लुगडे कसे नेसायचे, अंगावरचे जड दागिने का टाकायचे, मुलींना शाळेत का घालायचे हे सांगितले. दुसऱ्या दिवशी बायका लुगड्याची नेसण बदलून आल्या. आजच्या भाषेत याला कुणी 'सवयी बदलणे' म्हणेल. पण गावोगाव महारांनी मेलेली ढोरे ओढायचे बंद केले तेव्हा काय झाले? बहिष्कार पडला, मारहाण झाली. एखाद्याने पहाटे पाचला उठून थंड पाण्याने अंघोळ केली म्हणून कुणी त्याचे पाणी तोडत नाही. ज्या सवयीने गावाची उतरंड हलते, तिलाच गाव मारायला धावते. आणि गाव धावून आल्यावर ती सवय एकट्याने टिकवणे अशक्य असते. ती टिकली कारण सगळ्या वाड्याने ती एकदम धरली.

कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू असलेले जॉन ड्युई यांनी पुढे १९२२ मध्ये 'ह्यूमन नेचर अँड कंडक्ट' या पुस्तकात सवयीचाच विचार केला. वाकून उभ्या राहणाऱ्याला नुसते 'ताठ उभा राहा' म्हटल्याने तो ताठ होत नाही, हे त्यांचे उदाहरण मला फार आवडते. सवय इच्छेने मोडत नाही, ज्या परिस्थितीत ती घडली ती बदलावी लागते, असा त्यांचा मुद्दा. पिढ्यान् पिढ्या जोहार घालायला लावून वाकवलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

धम्मात सम्यक व्यायाम आहेच: अकुशल येऊ न देणे, आलेले सोडणे, कुशल निर्माण करणे, असलेले वाढवणे. यात मन आहे, प्रयत्न आहे, शिस्त आहे. पण त्याच्या शेजारी कल्याणमित्रही आहे. चांगली संगत म्हणजे अर्धे धम्मजीवन, असे आनंद म्हणाला तेव्हा बुद्धांनी त्याला दुरुस्त केले, अर्धे नव्हे, सगळेच. बावीस प्रतिज्ञाही कुणी खोलीत बसून मनातल्या मनात घेतल्या नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी उभे राहून, एकमेकांच्या साक्षीने घेतल्या.

मग आज आपण काय करतो? रविवारी विहारात पंचशील म्हणतो, मद्यपान न करण्याचे शील पाठ म्हणतो, आणि त्याच संध्याकाळी गल्लीच्या टोकाला कोण बसले आहे हे सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलत नाही. हे व्यवस्थेने केले असे म्हणून मी मोकळा होणार नाही. आणि त्या पोराची इच्छाशक्ती कमी आहे असेही म्हणणार नाही. त्याला विचारणारे कुणी उरलेले नाही, हे माझे म्हणणे आहे.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुली संध्याकाळी सातला उठून जात. 'मुलींना चिकाटी नाही' हे एका ज्येष्ठाचे निदान होते. मुलींना विचारले तेव्हा कळले, गल्लीत दिवा नव्हता. अर्ज केले, वॉर्ड ऑफिसला चकरा मारल्या, शेवटी पन्नास बाया घेऊन गेलो तेव्हा दिवा लागला. आता त्या नऊपर्यंत बसतात. कुणी आली नाही तर दुसरी तिच्या दारात जाऊन हाक मारते. 'मला गणित जमत नाही' म्हणणारी एक जण तिथे आता लहानांना गणित शिकवते. तिला स्वतःबद्दल चांगले विचार करायला आम्ही कधी सांगितले नाही.

यंदाच्या बॅनरबद्दल माझी मंडळांना एकच सूचना आहे. चौदा एप्रिलच्या अठरा तासांखाली आणखी एक ओळ छापा: पंधरा एप्रिलपासून विहार रोज सात ते नऊ अभ्यासासाठी उघडा राहील. आणि किल्ली ज्याच्याकडे असेल त्याचा मोबाईल नंबर.